आव्यात काय शिरतं?

कच्चं मडकं आव्यात जातं तेव्हा मळकट पिवळं असतं, बाहेर येतं तेव्हा तांबडं. मधल्या वेळात नेमकं काय घडतं, यावर आपल्या वैशेषिक आणि न्याय या दोन दर्शनांनी शेकडो वर्षं वाद घातला. मी कुंभाराच्या घरातला, पुढे सारी नोकरी भट्टीच्या विटा बनवणाऱ्या कारखान्यात झाली. निवृत्तीनंतर शास्त्रीबुवांकडे अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शिकायला बसलो आणि त्याच्यावरच्या त्याच्याच दीपिका या टीकेत या वादापाशी जो थांबलो, तो अजून तिथंच आहे.

वैशेषिकांचं म्हणणं विलक्षण आहे. कार्याचे गुण कारणाच्या गुणांतून येतात. मग घटाचं कारण असलेले अवयव पिवळे असताना अख्खा घट तांबडा होईल कसा? रंग बदलायचा तर तो थेट परमाणूत बदलायला हवा, आणि घट्ट जुळलेल्या घटात तेज, म्हणजे अग्नीची उष्णता, तिथवर पोचणार नाही. म्हणून अग्नीच्या आघातानं घट परमाणूंपर्यंत सुटतो, सुटे परमाणू तांबडे होतात आणि पुन्हा जुळून नवा घट उभा राहतो. हे इतकं झपाट्यानं होतं की डोळ्यांना दिसत नाही, पण त्यांनी त्याचे क्षणही मोजले: कुणी नऊ, कुणी दहा. परमाणू म्हणजे पीलू, म्हणून हा पीलुपाक.

नैयायिकांना हे पटलं नाही. खालचं मडकं सुटलं असतं तर त्यावर रचलेली उतरंड कोसळली असती. शिवाय बाहेर आलेलं मडकं आपण ‘हे तेच’ म्हणून ओळखतो. त्यांच्या मते घट सच्छिद्र आहे, छिद्रांतून तेज आत शिरतं आणि अख्ख्या घटाचाच पाक होतो. पाझरणारा माठ दाखल्याला होताच. पिठर म्हणजे भांडं, म्हणून हा पिठरपाक.

वडिलांना, म्हणजे अण्णांना, गोवऱ्या, पाचट, मडकी असे थर लावून वर खापरं नि राख पसरताना मी रोज पाहिलं होतं. उतरंडीचा मुद्दा मला लगेच पटला. छिद्रांचा मात्र पटेना, कारण आमच्या कारखान्यात उष्णता अडवायच्या विटा मुद्दाम सच्छिद्र करतात. मातीत लाकडाचा भुसा कालवायचा. भट्टीत भुसा जळून जातो, त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात आणि त्यांत अडकलेली हवा उष्णतेला पुढे जाऊ देत नाही. अशी वीट हातात घेतली तर दिसते तेवढी जड लागत नाही. पोकळ्या जितक्या जास्त, तितकी उष्णता कमी जाते. उलट तांब्याच्या भांड्यातून पाणी कधी पाझरत नाही, तरी साध्या विटेच्या कित्येकशे पट उष्णता त्यातून वाहते. तेज छिद्रांतून शिरत असतं, तर हे नेमकं उलटं व्हायला हवं होतं.

दोघांनीही तेज हे द्रव्य मानलं आणि द्रव्याला वाट लागते. म्हणून एकानं घट मोडला, दुसऱ्यानं त्याला भोकं पाडली. युरोपातही उष्णतेला द्रव्यच मानत होते. म्युनिकला तोफांच्या नळ्या कोरताना, घर्षण चालू आहे तोवर उष्णता निघतच राहते, हे रम्फर्ड या शास्त्रज्ञानं 1798 मध्ये मांडलं, तेव्हा त्या समजुतीला मोठा धक्का बसला. निखाऱ्यांची धग आणि तापलेले वायू मडक्याच्या अंगापर्यंत उष्णता आणतात. तिथून आत जाते ती नुसती थरथर, एका कणाकडून शेजारच्याकडे.

आणि तेवढ्यानं केवढं घडतं! शंभर अंशांच्या आसपास मुरलेलं पाणी निघतं. इथं घाई केली तर मडकं वाफेनं फुटतं. मातीतल्या पिवळ्या लोहसंयुगांतलं पाणी गेलं की ती तांबडी होतात. पाचशेच्या पुढेमागे मातीच्या रचनेत बांधलेलं पाणीही सुटतं, आणि त्यानंतर त्या मडक्याचा कधीच चिखल होत नाही. 573 अंशांना मातीतल्या गारगोटीच्या कणांचे स्फटिक रचना बदलून एकदम फुगतात. बंध सुटतात, नवे जुळतात, एवढं वैशेषिकांचं खरं. मडकं जागचं हलत नाही, हे नैयायिकांचं खरं. पण लोखंडाचा एकटा अणू पिवळाही नसतो नि तांबडाही नसतो. रंग जुळणीचा असतो, ही गोष्ट दोघांच्याही हिशेबात नव्हती.

हाच वाद मी घरातही पाहिला. अण्णा गेल्यावर आई पार बदलली. चारचौघांत तोंड न उघडणारी बाई व्यापाऱ्यांशी खणखणीत भाव करू लागली. मावशी म्हणायची, ही ती राहिलीच नाही. धाकट्या भावाला मात्र ती तीच दिसायची. एकीचा पीलुपाक, दुसऱ्याचा पिठरपाक.

मला वेगळंच छळतं. आवा निवला की मडकं आपला ताप हवेला देऊन टाकतं, हाताला गार लागतं, तरी पुन्हा पिवळं होत नाही. ताप गेला, त्यानं केलेलं राहिलं. अनुभव सरल्यावर मागे जे राहतं, त्याला तर्कसंग्रह भावना नावाचा संस्कार म्हणतो आणि तो फक्त आत्म्यात असतो, असं सांगतो. मला ही रेघ फार लवकर ओढल्यासारखी वाटते. शास्त्रीबुवा म्हणतात, “मडक्याला आठवत नाही हो, ते फक्त बदललेलं असतं.” मग आठवणं म्हणजे बदललेलं असण्याहून अधिक काय, असं मी त्यांना विचारलंय. सध्या आमचा पाठ तिथं अडलाय.