दर दोन तासांनी

माझ्या एका वर्गमैत्रिणीने सारं आयुष्य परक्या माणसांच्या अंथरुणाशेजारी काढलं. ती गेली तेव्हा आम्ही जुने वर्गसोबती जमलो आणि तिच्याबद्दल भरभरून बोललो. कोणी तिला देवमाणूस म्हणालं, कोणी त्यागमूर्ती. बोलणाऱ्यांचे डोळे भरले होते आणि त्या पाण्यात खोटं काही नव्हतं. तरी माझं मन तेव्हापासून स्वस्थ नाही. तिला जे येत होतं ते नेमकं काय होतं? आणि जे मलाही आयुष्यभर यायला हवं होतं, त्यातलं माझ्यात किती उतरलं? या प्रश्नांचं उत्तर कौतुकात सापडत नाही.

आम्ही तिवस्याच्या मुली. सेवेची शिकवण आम्हाला वेगळी घ्यावी लागली नाही. मोझरीचं गुरुकुंज, म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा आश्रम, आमच्याच तालुक्यात. महाराजांचं देहावसान ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झालं, आणि आजही पुण्यतिथी महोत्सवात संध्याकाळी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लाखो माणसं मौन पाळतात. त्या मौनात मीही उभी राहिले आहे. हातात खराटा घेतलेल्या गाडगेबाबांच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. पुढे शिक्षिका झाल्यावर तेच मी मुलांना शिकवलं, आणि श्रद्धेने शिकवलं. पण शिकवणं आणि एखाद्याचं मलमूत्र काढणं यांत किती अंतर आहे, हे मला फार उशिरा, माझ्याच घरात कळलं.

ती परिचारिकेच्या प्रशिक्षणाला गेली तेव्हा गावात कुजबुज झाली होती. रात्रपाळी, परक्या पुरुषाच्या अंगाला हात, घराबाहेरचं राहणं. तिच्या वडिलांनी ती कुजबुज सोसली. पुढे ती मेळघाटातल्या एका उपकेंद्रावर रुजू झाली. सरकारी निकषाप्रमाणे सपाट भागात पाच हजार आणि आदिवासी, डोंगराळ भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र असतं. कागदावर तीन हजारांचा आकडा लहान दिसतो. तो डोंगरउतारांवर विखुरलेल्या पाड्यांत वाटला, पावसाळ्यात मधले नाले भरले, आणि खांद्यावर लसींचा थंड डबा असला, की त्याचा अर्थ कळतो. १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंनी देश हादरला. ती तेव्हा तिथेच होती. ती कोरकू बोलायला शिकली. पोटावर डागण्या दिलेलं बाळ घेऊन आई यायची तेव्हा ती आधी जखमेवर मलम लावायची आणि समजावण्याचं काम त्यानंतर करायची. हा क्रम तिने कधी चुकवला नाही. मी मात्र वर्गात चुकलेल्या मुलाला आधी समजावून सांगायचे. त्याला कुठे दुखतंय हे विचारायची आठवण मला नंतर व्हायची.

पुढे तिची बदली अमरावतीला झाली, ज्याला जिल्ह्यातली माणसं अजून इर्विनच म्हणतात त्या रुग्णालयात. फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट राज्यात जोर धरू लागली तेव्हा अमरावती तिच्या अगदी तोंडाशी होती. टाळेबंदीही इथे लवकर लागली. आम्ही दारं लावून घेतली, आणि त्याच दिवसांत ती रोज दार उघडून बाहेर पडत होती.

माझ्या आईला लकवा झाला आणि तिची वाचा गेली, तेव्हा ही मैत्रीण घरी आली. दवाखान्यातून सुटी देताना आम्हाला एक ओळ लिहून दिली होती: दर दोन तासांनी कूस बदला. मला ती सूचना सोपी वाटली होती. तिने पदर खोचला, आईच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "मावशी, आता तुमाले डाव्या अंगावर वळवतो बरं." आई उत्तर देऊ शकत नव्हती. तरी ती थांबली, आईच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मगच हात लावला. आईचं जुनं नऊवारी घडी करून तिने कमरेखाली सरकवलं, कारण माणूस ओढला की कातडी सोलते, कापडासकट उचलला की सोलत नाही. माकडहाड, टाचा, खांद्याची हाडं, कोपरं तिने एकेक करून पाहिली. लाल झालेल्या जागी बोट दाबून दाखवलं. बोट काढल्यावर जागा क्षणभर फिकी पडली तर ठीक, तशीच लाल राहिली तर आत इजा सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून ऊब आणि कडकपणा हाताने पारखायचा. मी म्हटलं, तुला हे कसं जमतं? ती म्हणाली, "जमते काय व त्याच्यात. लक्ष द्या लागते. पाठ ओली राहू द्याची नाही, बस."

आईवर माझं प्रेम होतं, त्याबद्दल आजही मला शंका नाही. पण रात्री तीनला ते प्रेम मला उठवायचं नाही, घड्याळाचा गजर उठवायचा. मला वाटायचं की जीव असला की हात आपोआप चालतात. मैत्रिणीकडे पाहून कळलं की हातांना वेगळं शिकवावं लागतं. नातं नसलेल्या माणसाकडेही तितक्याच काळजीने पाहायचं, दमलो तरी पाहायचं, तो रागावला, ओरडला तरी पाहायचं, ही शिस्त तिने अंगात मुरवली होती. कणव येते आणि ओसरते. शिस्त पाळीच्या वेळेला हजर असते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग मला या संदर्भात आठवते. २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री तिथल्याच एका कामगाराने तिच्यावर हल्ला केला आणि तिची शुद्ध हरपली ती कायमची. १८ मे २०१५ रोजी ती गेली. मधली जवळपास बेचाळीस वर्षं त्या रुग्णालयातल्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. त्यातल्या कितीतरी जणी तिच्यावर हल्ला झाला तेव्हा जन्मलेल्याही नव्हत्या. तिच्या दयामरणासाठी याचिका झाली, तेव्हा ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचा आहे. ज्यांनी रोज कूस बदलली, त्यांचा शब्द आधी. हा निकाल मी कायद्याच्या अंगाने वाचत नाही. आपण कोणाबद्दल किती अधिकाराने बोलतो, हे त्या माणसासाठी आपले हात किती चालले यावर मोजायचं, एवढं मी त्यातून घेते.

या मापाने स्वतःकडे पाहिलं की बरंच काही दिसतं. अमरावतीच्या तपोवनाचं नाव काढलं की दाजीसाहेब पटवर्धनांचं नाव माझ्या ओठांवर येतं. कुष्ठरोग्यांसाठी १९४६ मध्ये त्यांनी उभं केलेलं ते काम वंदनीयच आहे. पण बधिर पायांवरच्या जखमा वर्षानुवर्षं धुणाऱ्या, पट्ट्या बांधणाऱ्या हातांपैकी एकाचंही नाव मला सांगता येत नाही. स्थापना लक्षात राहते, रोजचं धुणं राहत नाही. आणि ज्यांचं रोजचं काम लक्षात राहत नाही, त्यांना आपण देवी म्हणून मोकळे होतो. देवीला पगार वेळेवर लागत नाही, पाळी संपल्यावर झोप लागत नाही, कंत्राट संपण्याची धास्ती नसते. एका पाळीत किती रुग्ण एकीच्या वाट्याला येतात, हे देवीबद्दल कोणी विचारत नाही. त्यागमूर्ती या शब्दाने तिचा सन्मान झाला की आपली जबाबदारी हलकी झाली, हे मला स्वतःला स्पष्टपणे विचारायला हवं. आदर खरा असेल तर तो तिच्या कामाच्या तासांपर्यंत, तिच्या पगारापर्यंत आणि तिच्या निवृत्तिवेतनापर्यंत पोचला पाहिजे.

माझी खरी परीक्षा कुठे आहे, ते मला ठाऊक आहे. बारावीच्या मुली अजून सल्ला विचारायला घरी येतात. उत्तम गुण मिळवलेली एखादी म्हणते, मॅडम, मला नर्सिंगला जायचंय. त्या क्षणी घरचे माझ्या तोंडाकडे पाहतात. इतके मार्क असून नर्सिंग? हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर असतो, आणि त्याला माझ्या मनात थारा आहे की नाही, हे त्या मुलीला माझ्या बोलण्याआधीच कळतं. मैत्रिणीचं स्मरण मला राखायचं असेल तर ते इथे राखायचं आहे. त्या मुलीला मी सांगीन की या कामाला तल्लख बुद्धी लागते, भाषा लागते, हाताचं शहाणपण लागतं आणि न संपणारं लक्ष लागतं. सोबत हेही सांगीन की हे काम कर, पण आपला हक्काचा पगार आणि हक्काची विश्रांती कधी सोडू नकोस.