अप्रत्यक्ष हानीचा रकाना

गोदावरी आणि प्रवरा या नद्यांचे कालवे इंग्रजी अमदानीत नाशिक-नगरच्या अवर्षणग्रस्त मुलुखात खोदले गेले, तेव्हा सरकारी दफ्तरात त्यांचे यशापयश एकाच मापाने मोजले जाई: पाणीपट्टीच्या वसुलीतून गुंतविलेल्या भांडवलाचे व्याज सुटते की नाही. सुटले तर काम ‘उत्पादक’, न सुटले तर दुष्काळनिवारणार्थ पदरमोड करून केलेले ‘संरक्षक’. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी या कालव्यांची पाहणी करून 1948 साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याने हे माप अपुरे ठरविले. कालव्याच्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस, त्या उसावर चालणारी गुऱ्हाळे आणि कारखाने, तेथे मिळणारी मजुरी, आसपासच्या बाजारपेठांतील वाढलेली उलाढाल, ही सारी अप्रत्यक्ष फळेही कालव्याच्याच खाती जमा धरली पाहिजेत, असा त्या पाहणीचा रोख होता.

ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की, कोणताही मंत्री कोणत्याही प्रकल्पाची घोषणा करताना किती हातांना काम मिळेल आणि किती पूरक धंदे उभे राहतील हे सांगितल्यावाचून राहत नाही. अप्रत्यक्ष लाभ मोजण्यात आपण पटाईत झालो. परंतु ज्या तर्काने कालव्याच्या खाती गुऱ्हाळ जमा झाले, त्याच तर्काने एखाद्या अनुदानाच्या, कराच्या किंवा कर्जाच्या खाती त्यातून निघालेला धूर खर्ची पडावयास हवा, हे मात्र कोणाला सुचलेले दिसत नाही. आणि सुचले असल्यास सोयीस्करपणे विसरले गेले आहे.

शेतपंपांचेच उदाहरण घेऊ. 2024 साली महाराष्ट्र शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतपंपांना मोफत वीज देण्याची योजना आणली. सुमारे 44 लाख शेतकरी आणि वर्षाला सुमारे 14,760 कोटी रुपये, असा तिचा आवाका सांगण्यात आला. अंदाजपत्रकात ही रक्कम दिसते, आणि तिथेच तिची कथा संपते. प्रत्यक्षात ती तेथे सुरू होते. लाईट रात्री येणार, कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून शेतकरी स्टार्टरला ‘ऑटो’ बसवून घरी निजतो. डीपीत वीज आली की विहिरीवरची मोटर आपोआप सुरू होते आणि सरी भरून पाणी बांधाबाहेर गेले तरी चालूच राहते. पाच अश्वशक्तीची मोटर आठ तास चालली म्हणजे ढोबळमानाने तीस युनिटे झाली. देशाच्या जाळ्यातील विजेच्या प्रत्येक युनिटामागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कर्बवायू निघतो, म्हणजे त्या एका रात्रीचे एकवीस किलो. ते शेतात दिसत नाहीत, कारण ते चंद्रपूर, कोराडी, परळी येथील धुराड्यांतून बाहेर पडलेले असतात. दरम्यान विहिरीचा तळ दिसू लागला की बोअर घ्यावे लागते, बोअर खोल गेले की मोटर मोठी लागते, आणि मोठी मोटर अधिक वीज खाते.

यात शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ज्याला रात्री दोन वाजता बिबट्याच्या भीतीने दारे धरायला जावे लागते, त्याने ‘ऑटो’ बसवला तर त्यात शहाणपणच आहे. प्रश्न धोरण आखणाऱ्यांना आहे. दिवसा वीज देणारी सौर कृषिवाहिनी त्याच महाराष्ट्रात उभी राहत आहे. तिच्यावर चालणाऱ्या मोटरीचा धूर जवळजवळ शून्य, उपशाचा धोका मात्र तोच. म्हणजे अनुदानाचा रुपया एका वाहिनीवर एक परिणाम घडवितो आणि दुसरीवर दुसरा, आणि आपल्या हिशेबात दोन्ही रुपये सारखेच.

मुंबई महानगरपालिकेने या बाबतीत एक पाऊल उचलले, त्याचे श्रेय तिला दिले पाहिजे. नॉर्वेची राजधानी ऑस्लोने हवामानाच्या अंदाजपत्रकाची जी प्रथा पाडली, तिच्या धर्तीवर पालिकेने 2024 साली आपले पहिले हवामान-अंदाजपत्रक मांडले आणि भांडवली खर्चापैकी सुमारे 32 टक्के रक्कम हवामानाशी संबंधित कामांवर जाते असे दाखविले. पण जिज्ञासू वाचकाची नजर उरलेल्या दोन तृतीयांशावर जावयास हवी. मलनिःसारण, वृक्षलागवड, विजेच्या बसगाड्या हे एका बाजूस मांडले, आणि मोटारींना आमंत्रण देणारे रस्ते व उड्डाणपूल कोणत्याच बाजूस मांडले नाहीत, तर ती वही अर्धी राहिली. फ्रान्सने 2021 च्या अंदाजपत्रकापासून खर्चाच्या बाबींना अनुकूल, संमिश्र, तटस्थ अशा खुणांबरोबर ‘प्रतिकूल’ अशीही खूण करावयास आरंभ केला, आणि इंधनावरील करसवलती त्या खुणेखाली आल्या. आपल्याच सरकारने आपल्याच तरतुदीवर तांबडी शाई फिरवावी, ही गोष्ट आपल्याकडे तूर्त कल्पनेतही येत नाही.

नुसत्या शीर्षकावर विसंबणाऱ्यांनी कोळशावरील उपकराची हकिकत वाचावी. 2010 साली टनामागे 50 रुपये असलेला हा उपकर स्वच्छ ऊर्जेच्या नावाने बसला आणि 2016 पर्यंत 400 रुपयांवर चढला. 2017-18 अखेर त्यातून 86,000 कोटींहून अधिक रुपये गोळा झाले. स्वच्छ ऊर्जेच्या प्रकल्पांपर्यंत पोहोचले सुमारे 16,000 कोटी. 2017 साली तो वस्तू व सेवा कराच्या भरपाईत विलीन झाला.

सरकारी खर्चाची ही गत, तर बँकांची काय असणार? मुंबई पालिकेच्याच मुदत ठेवी 2024 साली 80,000 कोटींहून अधिक होत्या. त्या ज्या बँकांत आहेत, त्या ते पैसे पोलादाला देतात की सिमेंटला, कोळशाला की पवनचक्कीला, हे कोणत्याही हवामान-अंदाजपत्रकात येत नाही. हिशेब अशक्य आहे असेही नाही. नेदरलँड्समधील काही बँकांनी 2015 साली एकत्र येऊन त्याची रीत बसविली: कारखान्याच्या एकूण भांडवलात बँकेचा वाटा जितका, तितका त्याच्या धुरातील वाटा बँकेच्या नावे. रिझर्व्ह बँकेने हरित ठेवींचे नियम जून 2023 पासून लागू केले, आणि हवामानविषयक जोखीम बँकांनी जाहीर करावी याचा मसुदा फेब्रुवारी 2024 मध्ये प्रसिद्ध केला. हरित ठेवीचा विनियोग सांगणे बंधनकारक झाले, हे ठीकच. परंतु बँकेत येणाऱ्या ठेवींत अशा ठेवी किती, आणि उरलेल्यांनी कोणती भट्टी पेटविली, हे विचारण्याचा अधिकार ठेवीदाराला असू नये काय?

यावर एक आक्षेप वजनदार आहे. भारतीय माणसामागे निघणारा कर्बवायू जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. ज्यांनी दोनशे वर्षे कोळसा जाळला त्यांनी आमच्या वह्या तपासू नयेत. तपासू नयेतच. पण आपली वही आपण पाहणे ही परक्याने घेतलेली झडती नव्हे, आणि मोजणे म्हणजे मनाई करणेही नव्हे. मोजूनमापूनही सरकार म्हणू शकते की हा धूर अपरिहार्य आहे, कारण त्यामागे अन्न आहे. मात्र ते सभागृहात, आकडा समोर ठेवून म्हणावे. दुसरा आक्षेप असा की, असे आकडे अंदाजी असतात. गाडगीळांच्या अप्रत्यक्ष लाभांतही अंदाज होताच. अंदाज आहे म्हणून लाभ मोजायचा आणि अंदाज आहे म्हणून हानी सोडायची, हा न्याय कोणता?

2005-06 पासून केंद्राच्या अंदाजपत्रकासोबत स्त्रियांसाठीच्या तरतुदींचे स्वतंत्र निवेदन जोडले जाते. त्यासाठी राज्यघटना बदलावी लागली नाही. महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्यांनी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात सर्व खात्यांचा नव्हे, एकट्या शेतपंप-अनुदानाच्या मागणीपुरता धुराचा असा हिशेब मागावा. कोणत्या वाहिनीवर किती वीज गेली आणि ती सौर की औष्णिक, याच्या नोंदी वीज कंपन्यांकडे असतात. त्या मागविण्यास एक तारांकित प्रश्न पुरेसा आहे.