होडी किती दिवसांनी धुवावी?



जून महिना तोंडावर आला आहे. लवकरच कोयनेचे गढूळ पाणी प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळेल. आपण कराडकर समुद्रापासून दूर राहतो, तरी होडी आपल्याला परकी नाही. होडी नसली तर गुऱ्हाळावरची काहील पाण्यात सोडून नदी ओलांडणारे लोक आपल्याच भागातले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा कित्येक गावांना होडी हाच रस्ता उरला होता. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि अनेक घरांवर दुःख कोसळले. त्या मृतांची आठवण आपण आजच्या मिस्सामध्ये करू या.

तयार बोटी कमी असल्या की सारी गर्दी एकीवरच होते. म्हणून विचारावेसे वाटते, होडी किती दिवसांनी धुवावी आणि जपावी?

जाणकारांचे उत्तर सोपे आहे. पाण्यातून बाहेर काढली की प्रत्येक वेळी धुवावी. पुराचा गाळ वाळला की तो इंजिनात घट्ट बसतो. समुद्राचे खारे पाणी तर लोखंड खाते, म्हणून इंजिनातूनही गोडे पाणी फिरवावे लागते. रबरी बोट ओली घडी करून ठेवली की कुजते. फायबरची बोट उन्हात उघडी राहिली की तिची चकाकी जाऊन वर पांढरी भुकटी येते. तिला सावली आणि वर्षातून एक-दोनदा पॉलिश हवे. लाकडी होडीच्या फटी उन्हाने उघडतात, त्या बुजवून तेल-रंग द्यावा लागतो. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात बोटी वर ओढून, झाकून, डागडुजी करून ठेवतात. वसई-उत्तनचे आपले ख्रिस्ती कोळी बांधव बोटींना धर्मगुरूंचा आशीर्वादही घेतात. पण आशीर्वाद मिळणार म्हणून कोणी रंग लावायचा राहू देत नाही.

पवित्र शास्त्रातही हेच दिसते. परमेश्वराने नोहाला तारू बांधायला सांगितले, तेव्हा ते आतून व बाहेरून डांबराने लिंपायला सांगितले. लूकच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सरोवराकाठी येतो, तेव्हा कोळी जाळी धूत आहेत. रात्रभर कष्ट करून त्यांना एकही मासा मिळालेला नव्हता. रिकाम्या हाताने परतल्यावरही त्यांनी जाळी धुतली! म्हणूनच प्रभूने खोल पाण्यात चला म्हटल्यावर ते लगेच निघू शकले. १९८६ साली दुष्काळात गालील सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची एक होडी चिखलात सापडली. तिच्यात दहा-बारा प्रकारची लाकडे आहेत. गरीब कोळ्यांनी मिळेल ती फळी लावून ती पुनःपुन्हा दुरुस्त केली होती.

आपल्या आत्म्याचीही हीच गोष्ट आहे. गंभीर पापांचे निवेदन वर्षातून किमान एकदा करावे, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. ही किमान मर्यादा झाली. आपण मात्र तेवढ्यावरच थांबतो. कित्येकांना मागचे पापनिवेदन आठवतही नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये सांगितले होते, की पोपही दर पंधरा दिवसांनी पापनिवेदन करतो. घरातला अबोला, भावाशी बांधावरून झालेले भांडण, रोजची दारू, हा सारा गाळच आहे. ओला असताना तो हाताने निघतो, वाळल्यावर खरवडावा लागतो. आजारपण, मृत्यू, कर्ज यांचा पूर आल्यावर होडी दुरुस्त करायला वेळ मिळत नाही.

काही जण म्हणतात, "यंदा प्रार्थनेचे काही फळ मिळाले नाही, मग कशाला?" त्यांनी त्या रिकाम्या जाळ्यांकडे पाहावे.

तेव्हा पावसाआधी आपण दोन गोष्टी करू या. नदीकाठी राहणाऱ्यांनी गावात बोट आहे का, ती चालते का, लाइफ जॅकेट धड आहेत का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे. गरज पडल्यास धुवायला हात लावावा. पुरात ती बोट जात-धर्म न पाहता सर्वांनाच वाचवणार आहे. दुसरे, येत्या आठवड्यात पापनिवेदनाला यावे आणि ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याच्या घरी स्वतःहून जावे.

वादळात शिष्यांच्या होडीत प्रभू होता, म्हणून ती तरली. आपल्या होडीतही तो बसावा, आणि तो येईल तेव्हा ती स्वच्छ व तयार असावी, अशी कृपा आपण मागू या. आमेन.