मातीची पट्टी, विंचू आणि मिठाचे पाणी

ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध केले गेले. आठवडाभरातच, १५ तारखेला, त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई तिथेच वारले. त्याच महिन्याच्या अखेरीस गांधीजी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहायला बसले आणि डिसेंबरात ते हातावेगळे केले. त्यात मातीवर एक प्रकरण आहे. त्यांच्या सगळ्या आरोग्यविषयक लिखाणात मला ते सर्वात मोलाचे वाटते. सेवाग्राम आश्रमातल्या रुग्णांवर मातीची पट्टी कुठे लागू पडली आणि कुठे पडली नाही, हे त्यात सरळ सांगितले आहे. गांधीलमाशी चावली तर मातीने लगेच आराम पडतो. विषमज्वरात ताप उतरेलच असे नाही, तो आपल्या गतीने जातो. पण रुग्णाची तगमग कमी होते आणि तो आपणहून पट्टी मागतो. विंचवाच्या दंशावर मात्र यश बेताचेच. सेवाग्रामात विंचवांचा सुळसुळाट होता, माहीत असलेले सगळे उपाय तिथे करून झाले होते आणि एकही हमखास नव्हता. माती इतर उपायांपेक्षा कमी ठरली नाही, एवढेच ते म्हणतात.

मातीचा एवढा पुरस्कार करणाऱ्या माणसाने तिच्या नावावर जमा न झालेलेही लिहून ठेवावे, ही साधी गोष्ट नाही. दक्षिण आफ्रिकेत असताना आडोल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकाचे पुस्तक त्यांच्या हाती आले, तेव्हापासून ते स्वतःच्या पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधत होते. श्रद्धा होतीच. पण ती श्रद्धा रुग्णाच्या उशाशी बसून पाहत होती. वाहत्या गळवावर पट्टी ठेवायची तर आधी ते पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवायचे, कापडही त्यातच भिजवायचे. माती खताची नको, गाळाची मऊ हवी, चाळलेली हवी, शंका असेल तर तापवून घ्यावी, असे सगळे तपशील त्यात येतात. माती आपोआप पवित्र असते असे त्यांनी कुठेही धरलेले नाही.

आज उरुळी कांचनला किंवा दुसऱ्या एखाद्या निसर्गोपचार केंद्रात पट्टी कशी करतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. चाळलेली माती रात्रभर भिजत घालतात. सकाळी तिचा लोण्यासारखा गोळा सुती कापडावर थापून अर्धा इंच जाडीची पट्टी करतात, कापडाच्या कडा दुमडतात आणि ती बेंबीखाली ठेवतात. पहिल्या क्षणी अंग शहारते. मग हळूहळू कापडाखाली ऊब जाणवू लागते आणि वीस-पंचवीस मिनिटांत पट्टीचा गारवा संपतो. रुग्ण या वेळात निवांत पडून असतो, हाही उपचाराचाच भाग समजावा. दुखणाऱ्या गुडघ्याला गरम माती लावतात. ओल्या मातीत पाणी धरून ठेवलेले असते, ते मोकळ्या पाण्यासारखे हलत नाही, म्हणून उष्णता त्वचेला एकदम न भिडता सावकाश पोचते. पाण्याच्या पिशवीने जिथे चटका बसेल, तिथे तितकीच गरम माती सोसते. इटलीत आबानोला, हंगेरीत, तुर्कस्तानात गुडघ्याच्या संधिवातावर मातीचे लेप देऊन पाहणी झाली आहे आणि काही काळापुरत्या वेदना कमी होतात, असे त्यांतून दिसते. अडचण एवढीच की कोणाला खरी माती लावली आणि कोणाला खोटी, हे रुग्णापासून लपवणे अवघड असते.

मातीत आहे तरी काय? आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत, बेसॉल्टच्या खडकापासून झालेल्या मातीत, मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याचे पापुद्रे इतके पातळ की एका ग्रॅममधल्या सगळ्या पापुद्र्यांचे पृष्ठफळ काही शे चौरस मीटर भरते. या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून पाणी, क्षार आणि कित्येक विषारी रेणू त्यांना चिकटतात. पावसात काळी माती फुगते ती यामुळे, आणि उन्हाळ्यात मराठवाड्याच्या शेतात पाय अडकेल अशा भेगा पडतात त्याही यामुळेच. मुलतानी मातीने चेहऱ्यावरचे तेल शोषले जाते त्यामागेही हाच गुण. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेल्यावर लगेच मुलतानी माती पाजण्याचा उपचार वैद्यकाच्या पुस्तकांत आहे, तोही याच गुणावर उभा आहे.

सेवाग्रामात मातीत थोडे तेल-मीठ घालून ती चांगली तापवत आणि ‘अँटीफ्लोजिस्टीन’ या तेव्हाच्या विकतच्या लेपाऐवजी वापरत. तो विकतचा लेप म्हणजे तरी काय, तर केओलिन ही पांढरी चिकणमाती ग्लिसरिनमध्ये कालवलेली. म्हणजे डब्यातली मातीही माती आणि आश्रमातलीही मातीच. एक कारखान्यात निर्जंतुक झालेली, दुसरी चुलीवर. ‘ॲलोपथी विरुद्ध निसर्गोपचार’ या भांडणात दोन्ही बाजू ही गोष्ट विसरतात. माती हसण्यावारी नेणारा डॉक्टर आणि मातीची आरती करणारा उपचारक, दोघांनाही तिला प्रश्न विचारायचा नसतो.

प्रश्न विचारला की काय होते, हे विंचवाच्या बाबतीत महाराष्ट्रानेच दाखवले आहे. डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ साली रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा तांबड्या विंचवाच्या दंशाने मुले डोळ्यांदेखत जात होती. मंत्र, लेप, वेदनाशामके, सगळे होते. बावसकर रुग्णांजवळ रात्र-रात्र बसले. नाडी, रक्तदाब, घाम, छातीतली घरघर टिपत राहिले. हे विष दंशाच्या जागी ठणक्यापलीकडे फारसे काही करत नाही, ते शरीरात संप्रेरकांचा पूर आणून हृदय थकवते आणि फुप्फुसांत पाणी भरते, असे दिसल्यावर त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध वापरून पाहिले. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे निरीक्षण छापून आले. जिथे चाळीस टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावत, तिथे मृत्यू एक टक्क्यावर आले. दंशाच्या जागी माती थापून ठणका थोडा कमी झाला असेल, पण मारणारी गोष्ट तिथे नव्हतीच. सेवाग्रामात यश का बेताचे होते, त्याचे उत्तर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी बिरवाडी-महाडमध्ये मिळाले.

जखमेवर माती लावण्याची आपली जुनी सवय मला याहून अधिक विचार करायला लावते. शेतात विळा लागला की मूठभर माती दाबायची, हे खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. त्यात तथ्य आहे. चिकणमातीच्या पृष्ठभागाला लागताच रक्तातली गोठण्याची साखळी चालू होते. प्रयोगशाळेत रक्त गोठण्याची एक नेहमीची चाचणी केओलिन घालूनच करत आले आहेत आणि अमेरिकी सैनिकांच्या प्रथमोपचाराच्या पेटीत केओलिन लावलेली पट्टी असते. आपल्या आजीची नजर चुकलेली नव्हती. तिला न दिसणारी गोष्ट होती ती धनुर्वाताचे बीजाणू. नवजात बाळाच्या नाळेला माती-शेण लावण्याने किती बाळे आखडून गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपण यांच्या जोरावर २०१५ साली भारतातून मातांचा आणि नवजातांचा धनुर्वात हटल्याचे जाहीर झाले. कोकणात भातलावणीच्या चिखलात, भेगाळलेल्या टाचेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू आजही शिरतात. सिंधुदुर्गात पावसाळ्यात डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटाव्या लागतात. चिखलस्नानाच्या सहली काढणाऱ्यांनी हा चिखल आणि चाळून तापवलेली माती यांतला फरक लोकांना सांगायलाच हवा.

आता क्षारांकडे येतो, कारण तिथे हे सगळे अधिक लख्ख दिसते. एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, सध्या सुगंधी पाकिटांत विकले जाते. गरम पाण्यात ते घालून पाय बुडवले की बरे वाटते, यात शंका नाही. पण बरे वाटते ते मुख्यतः गरम पाण्याने. त्वचेतून कामापुरते मॅग्नेशियम आत जाते, याला भक्कम पुरावा नाही. तोच क्षार सुईने दिला की गरोदरपणात झटके येणाऱ्या बाईचा जीव वाचतो. दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेली ‘मॅगपाय’ चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात मॅगसल्फने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला होता. खेड्यातल्या आरोग्य केंद्राच्या कपाटात ठेवलेल्या त्या कुप्यांना कोणी निसर्गोपचार म्हणत नाही. का म्हणू नये?

आणि मीठ-साखरेचे पाणी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मापून पुड्या करवल्या, ते पाणी पिंपांत कालवले आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. आतड्यात ग्लुकोज आत शिरताना सोडियमला सोबत घेऊन जाते आणि दोघांमागून पाणी जाते, हे प्रयोगशाळेत नुकतेच कळले होते. जिथे तीस टक्के माणसे दगावत होती, तिथे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. खनिज क्षाराचा याहून मोठा औषधी उपयोग माणसाने केलेला मला माहीत नाही. त्याचे सगळे सामर्थ्य मापात आहे. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडले की तेच पाणी लहान मुलाच्या जिवावर उठते. कीटकनाशक प्यायलेल्याला उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजण्याची आपल्याकडची रीत म्हणून तर थांबायला हवी. विषासोबत रक्तातले सोडियम वाढूनही माणूस जातो.

याच मिठाचे आज गुलाबी रूप दुकानांत मांडलेले असते, ‘हिमालयन’ म्हणून. ते आपले उपासाचे शेंदेलोण, आजवर बहुतेक पाकिस्तानातल्या पंजाबच्या खेवडा खाणीतून येत आलेले. चवीला ते चांगले आहे, उपासाला जरूर घ्यावे. पण रोजचे आयोडीनयुक्त मीठ बंद करून घरातल्या गरोदर मुलीला तेच खाऊ घालणे धोक्याचे आहे. गुलाबी रंग लोहाच्या अंशाचा, तेवढ्याने रक्त वाढत नाही. आयोडीन मात्र कमी पडले तर बाळाच्या मेंदूला ते भोवते. तीच गत भाजकी माती खाणाऱ्या गरोदर बायकांची. हे डोहाळे म्हणून हसण्यावारी नेले जाते, पण माती खावीशी वाटणे ही पुष्कळदा शरीरातले लोह कमी असल्याची खूण असते, आणि खाल्लेली माती उरलेसुरले लोहही धरून ठेवू शकते. अशा वेळी रागावण्याऐवजी तिचे हिमोग्लोबिन तपासावे.

कोकणात राजापूर, तुरळ, उन्हवरे, अकलोली अशी गरम पाण्याची कुंडे आहेत. माणसे त्वचेच्या आणि सांध्यांच्या दुखण्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या तिथे जातात आणि त्यांना आराम पडतो, हे मी खोटे मानत नाही. पण कुंडाच्या काठावर पाण्याचे तापमान लिहिलेली पाटी असावी. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्या माणसाला कुंडात पाय सोडताना चटका कळत नाही, म्हणून ती पाटी लागते. पाण्यात कोणते क्षार किती आहेत, ते वर्षातून एकदा तपासून मराठीत लावावे. निसर्गोपचार महाविद्यालयांनी आलेल्या रुग्णांची, बरे झालेल्यांची आणि न झालेल्यांचीही, वही ठेवावी आणि छापावी. खर्च फार नाही. पट्टी विकणाऱ्याने माती कुठून आणली आणि तिच्यात शिसे-आर्सेनिक किती आहे, हे पुडक्यावर छापण्याची सक्ती असावी. फ्रान्सने २०१९ साली चिकणमातीच्या औषधातल्या शिशाच्या शंकेवरून दोन वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असे सांगितले, आणि तो देश आपल्या मातीच्या औषधांवर आपल्याइतकेच प्रेम करणारा आहे.