पाचव्या वेळेचं काय?

चंदीगड

चि. बाळास,


परवा फोनवर तू म्हणालास, "आजोबा, पोकर जुगार नाही, कौशल्य आहे, कोर्टानंच सांगितलंय." तुझ्या मनात असलेला निकाल आमच्याच गावचा, पण तो पोकरचा नव्हे. फँटसी क्रिकेटमध्ये पैसे हरलेला एक जण 2017 मध्ये इथल्या हायकोर्टात आला. कोर्ट म्हणालं, खेळाडू निवडायला अभ्यास लागतो, तेव्हा हा कौशल्याचा खेळ. रमीला सुप्रीम कोर्टानं 1968 मध्येच तसं म्हटलं होतं.

पोकरमध्ये कसब लागतं हे मला मान्य आहे. त्याच 2017 च्या जानेवारीत पिट्सबर्गला 'लिब्रेटस' या संगणक-प्रोग्रॅमनं चार कसलेल्या खेळाडूंना हरवलं. पण किती डावांत? 1,20,000! नशिबाचा गाळ खाली बसून कसब दिसावं म्हणून एवढे डाव ठेवले होते.

आता तुझा एकच डाव घे. तुझ्याकडे दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे, आणि मधली पाच पानं उघडण्याआधीच दोघांनी सगळे पैसे लावलेत. तुझी काडीची चूक नाही. तरी पाचांतून साधारण एकदा तू हरणार. बरं, दोन एक्के हाती येतात तेच सरासरी 221 वाटपांत एकदा. पगारावर खेळणाऱ्याला ती पाचवी वेळ पहिल्याच रात्री आली तर? शिवाय टेबल चालवणारा डावातून आपला वाटा काढतो तो वेगळाच.

मला धास्ती त्या 'कौशल्य' शब्दाची आहे. लॉटरी हरलेला नशिबाला बोल लावून घरी जातो. पत्त्यांत हरलेला म्हणतो, माझंच चुकलं, आता सुधारतो, आणि पुन्हा बसतो. माझ्या एका सहकाऱ्याचा प्रॉव्हिडंट फंड असाच सुधारता सुधारता संपला. त्याच्या बायकोचा त्या दिवशीचा चेहरा मी विसरलेलो नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या कायद्यानं ऑनलाइन खेळांपुरता हा वादच मिटवला: कसब असो की नशीब, पैसे लावण्याचे खेळ चालवायला बंदी. मला ते पटलं.

थंडीत इकडे ये. आम्ही म्हातारे बागेत उन्हाला बसून सीप खेळतो. शंभर गुणांचा डाव: इस्पिकची सगळी पानं मिळून 91, चौकटची दश्शी एकटी 6, उरलेले तीन एक्के 3. गेलेलं प्रत्येक पान ध्यानात ठेवावं लागतं. विसरलं की माझे सरदारजी भिडू सगळ्या बागेला ऐकू जाईल असं ओरडतात. हरलेली जोडी चहा सांगते. तुझी जागा मी धरून ठेवली आहे.

तुझा,
आजोबा