युद्धभूमीवरील वैद्य आणि शांतीचा प्रश्न

युद्धात जखमी झालेल्या सैनिकाला बरे करणे हे शांतीचे कार्य मानावे की युद्धाचाच एक भाग, हा प्रश्न मानवतावादी वैद्यकीय मदतीच्या, म्हणजे रुग्णाचा देश, धर्म वा पक्ष न विचारता केवळ गरजेनुसार दिल्या जाणाऱ्या उपचारांच्या, संघटित इतिहासाइतकाच जुना आहे. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीतील सोल्फेरिनो येथे ऑस्ट्रियाच्या सैन्याची फ्रान्स आणि सार्डिनिया यांच्या सैन्याशी लढाई झाली. व्यापारी कामानिमित्त त्या भागात आलेल्या जिनिव्हाच्या आंरी द्युनाँ यांनी कास्तिल्योने गावच्या चर्चमध्ये स्थानिक स्त्रियांना हाताशी धरून दोन्ही बाजूंच्या जखमींची शुश्रूषा केली आणि त्या अनुभवातूनच पुढे १८६३ मध्ये रेडक्रॉस आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार साकारला. या कल्पनेला आक्षेप घेणाऱ्यांत रुग्णशुश्रूषेसाठी ख्यातनाम असलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या, हे आज अनेकांना आश्चर्याचे वाटेल. जखमींचा भार स्वयंसेवकांनी उचलला, तर तो वाहण्याचे ज्यांचे कर्तव्य आहे ती सरकारे मोकळी होतील आणि त्यांना युद्ध करणे अधिकच सोपे जाईल, असे त्यांचे म्हणणे होते.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. बरा झालेला सैनिक पुन्हा आघाडीवर जातो, बंदूक हाती घेतो, आणि मग वैद्याची करुणाही सैन्याच्या ताकदीत जमा होते. एकाचा जीव वाचवताना दुसऱ्याची हानी होते, या पेचाचे भान मराठी तत्त्वचिंतनात फार पूर्वीच प्रकटले आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना ज्ञानदेव आयुर्वेदाचाही विचार करतात आणि एका जीवासाठी दुसऱ्या जीवांचा घात, कोणाची मुळे खणणे, कोणाला पानांसकट उपटणे, कोणाची साल सोलणे, या शास्त्रात कसा गृहीत धरला जातो, हे रोखठोक दाखवतात. त्यानंतर ते अहिंसक पुरुषाचे चालणे, पाहणे, बोलणे आणि त्याच्या हातांची हालचाल यांचे विस्ताराने वर्णन करतात. ते हात उचलले गेलेच तर अभय देण्यासाठी, पडलेल्याला आधार देण्यासाठी किंवा पीडिताला हळुवार स्पर्श करण्यासाठी. अहिंसेची ओळख येथे फळावरून पटवली जात नाही, ती देहाच्या वागणुकीतून पटते, आणि नाइटिंगेल यांच्या आक्षेपाला देता येण्याजोगे उत्तर याच दिशेने सापडते. उपचारांचे पुढे काय होईल यावर वैद्याची सत्ता नसते. समोरच्या देहाशी तो कसा वागतो, एवढेच त्याच्या हाती असते.

मात्र येथे एक अडचण उभी राहते. सोळाव्या अध्यायात शांतीचा अर्थ सांगताना ज्ञानदेव ज्ञाता, ज्ञान आणि ज्ञेय ही त्रिपुटी, म्हणजे जाणणारा, जाणणे आणि जाणण्याचा विषय हा तिहेरी भेद, मावळण्याची अवस्था सांगतात. युद्धभूमीवरील वैद्याला भेद मावळू देता येत नाही. एकाच वेळी जखमींची रीघ लागली की त्याला ट्रायाज करावा लागतो. कोणावर आधी उपचार करायचे हे ठरवण्यासाठी केलेल्या वर्गवारीला ही संज्ञा आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डोमिनिक लारे यांनी हुद्दा न पाहता जखमेची तीव्रता पाहण्याचा नियम रूढ केला. आज अनेक ठिकाणी लाल, पिवळ्या, हिरव्या आणि काळ्या चिठ्ठ्या वापरतात: लाल चिठ्ठीचा रुग्ण प्रथम, पिवळ्याचा नंतर, हिरवी चिठ्ठी असलेला माणूस कितीही आक्रोश करीत असला तरी तो थांबू शकतो, आणि काळी चिठ्ठी मृतांच्या तसेच उपलब्ध साधनांनी वाचू न शकणाऱ्यांच्या अंगावर लावली जाते. श्वास चालू असलेल्या माणसाला काळी चिठ्ठी लावणाऱ्या हातांना शांती कशी लाभावी? याचे प्रामाणिक उत्तर असे दिसते की त्या क्षणी ती लाभतही नाही, आणि ती लाभावी अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. त्या हातांना सांभाळता येते ती एक शिस्त: बाकी सारे भेद दाराबाहेर ठेवून गरजेचा एकच भेद मान्य करण्याची. मनाची स्वस्थता आली तर ती या शिस्तीच्या मागून येईल. ती आधी मिळवून मग रुग्णाकडे वळण्याइतका अवकाश तेथे नसतो.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे जीवन या संदर्भात विचार करण्याजोगे आहे, कारण ते तटस्थ नव्हते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने १९३८ मध्ये पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले, कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेत काम करू लागले, आणि १९४२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले. त्यांच्या आधी त्याच प्रदेशात काम करणारे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये मरण पावले. बेथ्यून यांचे नाव दिलेल्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. बेथ्यूनही उघडपणे एका पक्षाचे होते, तरी जखमी जपानी कैद्यांवर त्यांनी केलेल्या उपचारांची नोंद त्यांच्याच लेखनात सापडते. तटस्थता म्हणजे संघर्षात कोणाचीही बाजू न घेणे आणि निःपक्षपात म्हणजे उपचारात कोणालाही डावे-उजवे न करणे. या दोन्ही गोष्टी वेगळ्या असून पहिलीवाचून दुसरी शक्य आहे, हे या उदाहरणातून स्पष्ट होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी वारले. युद्ध त्यानंतरही जवळपास तीन वर्षे चालले, आणि ज्या शांतीचे नाव त्यांच्या रुग्णालयाला होते ती त्यांना पाहायला मिळाली नाही.

उलट निव्वळ तटस्थतेची किंमतही इतिहासाने दाखवली आहे. नाझींच्या छळाविषयी जाहीर आवाहन करायचे नाही, असा निर्णय आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने ऑक्टोबर १९४२ मध्ये घेतला आणि पुढे ते नैतिक अपयश असल्याची कबुली तिला द्यावी लागली. नायजेरियातील बियाफ्राच्या युद्धाच्या अनुभवानंतर फ्रेंच डॉक्टर आणि पत्रकारांनी १९७१ मध्ये ‘मेदसाँ सां फ्रॉन्तिएर’ ही संस्था स्थापली, ती उपचारांबरोबर साक्षही द्यावी, पाहिलेला अन्याय बोलून दाखवावा, या भूमिकेमुळे ओळखली जाऊ लागली. बोलल्यास प्रवेश बंद होतो आणि रुग्ण वाऱ्यावर पडतात. न बोलल्यास अन्यायाला मूक संमती दिल्यासारखे होते. हा पेच कोणत्याही सूत्राने सुटत नाही, आणि तो सुटला असे मानून मिळवलेले समाधान खोटे ठरण्याचा संभव अधिक.

अफगाणिस्तानातील कुंदूझ येथे याच संस्थेच्या रुग्णालयात शस्त्र फाटकाबाहेर ठेवूनच आत येण्याचा नियम होता, आणि सरकारी सैनिक व तालिबानी लढवय्ये असे दोन्ही बाजूंचे जखमी तेथे उपचार घेत होते. रुग्णालयाचे नेमके ठिकाण लढणाऱ्या पक्षांना आधीच कळवलेले असूनही ३ ऑक्टोबर २०१५ च्या पहाटे अमेरिकी विमानाने त्यावर मारा केला आणि ४२ माणसे मृत्युमुखी पडली. मे २०१६ मध्ये सुरक्षा परिषदेने २२८६ क्रमांकाच्या ठरावाने रुग्णालये आणि आरोग्यसेवक यांवरील हल्ल्यांचा निषेध केला. वैद्यकीय नीतीला धरून केलेल्या उपचारांबद्दल, ते कोणावरही केलेले असोत, कोणालाही शिक्षा होता कामा नये, हे तत्त्व तर १९७७ मध्येच जिनिव्हा करारांच्या पुरवणी करारांत लिहिले गेले आहे. तरीही दहशतवादविरोधी कायद्यांच्या आधारे ‘शत्रूला बरे करणे’ हाच गुन्हा ठरवण्याकडे काही राज्यांचा कल दिसतो, आणि गरजेखेरीज दुसरा भेद न पाहण्याचा वैद्याचा अधिकार तेथे न्यायालयातही लढवावा लागतो.