वहिवाटदाराचे माप

सरकारी जंगलातील लाकूड कसे मोजावे, कोणत्या रीतीने विकावे आणि जुने नियम कोठे बदलावेत, हा प्रश्न वरकरणी वनखात्याच्या दफ्तरातला वाटतो. परंतु त्याच्या बुडाशी एक धर्मप्रश्न आहे, आणि तो असा की, जी संपत्ती आज हयात असलेल्या कोणाही एकाच्या मालकीची नाही, ती विकण्याचा अधिकार हयात माणसाला कोठून प्राप्त होतो? आमच्या केळशीला हा प्रश्न अपरिचित वाटण्याचे कारण नाही. येथे महालक्ष्मीचे देवालय आहे आणि याकूबबाबांचा दर्गाही आहे. मिळकत देवस्थानाची असो की वक्फाची, तिचा कारभार पाहणारा तिचा धनी नसतो, हे गावात कोणाला शिकवावे लागत नाही. आपल्या न्यायालयांनी देवतेला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानले आहे, आणि तीही सदैव अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्ती. त्यामुळे तिची वस्तू वहिवाटदाराला विकता येते ती तिच्या गरजेपुरती किंवा तिच्या हितासाठी, आपल्या निकडीसाठी कदापि नाही. १९९६ साली बियास नदीच्या काठच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नद्या, वने व समुद्रकिनारे यांच्या बाबतीत शासन हे विश्वस्त होय असे सांगितले, तेव्हा देवस्थानाचा हा न्याय जणू रानालाही लागू झाला.

श्रद्धाळू मनाला मात्र मोजमापाचेच वावडे असते. धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणणारे आपण लोक. जे दैवाने दिले त्याचा हिशेब करणे आपल्याला कोतेपणाचे वाटते. त्यातून अशी समजूत सहज दृढ होते की, वृक्षाला पूज्य मानणारा त्याचा घेर मोजीत नाही, आणि घेर मोजणारा त्याला पूज्य मानीत नाही. ही समजूत मला सदोष वाटते. यज्ञाचा यूप, म्हणजे खांब, करण्यासाठी झाड तोडताना वैदिक ऋत्विज पहिल्या घावाच्या जागी दर्भ ठेवीत आणि कुऱ्हाडीने त्याला इजा करू नये अशी प्रार्थना करीत. उरलेल्या बुंध्यावर तुपाची आहुती देऊन त्याला शतशाखांनी पुन्हा वाढण्याची विनवणी करीत. परंतु त्याच यज्ञशास्त्रात यूपाची लांबी, जाडी आणि कोन यांचे नियम बारकाईने घालून दिलेले आहेत. वराहमिहिराची बृहत्संहिता मूर्तीसाठी लाकूड आणायला वनात जाणाऱ्यास अगोदर वृक्षाची पूजा करून तेथे वसणाऱ्या भूतांना अन्यत्र जाण्याची विनंती करायला सांगते, आणि कोणते झाड तोडू नये हेही सांगते. क्षमायाचना आणि मोजमाप ही त्या काळी एकाच कर्माची दोन अंगे होती.

राज्यकारभारातही ही दृष्टी आपल्याकडे होती. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे आणावे याविषयी जी आज्ञा आहे तिचा भावार्थ असा की, राज्यातील सागवानादी वृक्ष लागतील ते परवानगीने तोडावेत, परंतु आंबे-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच झाले तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याचा संतोष राखून घ्यावे. यात विक्री निषिद्ध नाही. निषिद्ध आहे ती बळजबरी.

इंग्रजी अंमल बसल्यावर आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचे दैव निराळ्या वाटेने गेले. प्रारंभीच्या काळातच कलेक्टर डनलॉप यांनी जाहीरनामा काढून झाडांवरील सरकारी हक्क सोडून दिला, आणि थोड्याच काळात डोंगर उघडे पडू लागले. आजही रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक रान खाजगी आहे, आणि ते विकले जाते ते बहुधा ‘उक्ते’: ठेकेदार डोंगराकडे एकवार नजर टाकतो, एक रक्कम बोलतो, आणि किंजळ, ऐन, जांभूळ, सारे एकाच आकड्यात ट्रकवर चढते. ज्याचे माप झाले नाही त्याच्या नाशाचीही नोंद होत नाही. मोजणे हा अनादर असेल, तर न मोजता विकणे याला काय म्हणावे?

तथापि मोजले म्हणजे न्याय झाला असेही नाही. सरकारी आगारात ओंडक्याचा घेर फितीने घेतात, त्याचा चतुर्थांश काढतात, त्याचा वर्ग करून लांबीने गुणतात. १२० सेंटिमीटर घेराचा आणि चार मीटर लांबीचा सागाचा ओंडका या रीतीने ०.३६ घनमीटर भरतो. वस्तुतः त्यात सुमारे ०.४६ घनमीटर लाकूड असते. पाचव्या हिश्शाहून किंचित अधिक लाकूड कागदावर येतच नाही. ही सूट करवतीच्या नासाडीपोटी धरलेली आहे, ती घेणाऱ्यास आणि देणाऱ्यास दोघांसही ठाऊक आहे, म्हणून तिला लबाडी म्हणता येणार नाही. पण या व्यवहारात रान हा तिसरा पक्षही आहे, तो देवतेसारखाच अज्ञान आहे, आणि त्याचे मात्र संपूर्ण झाड गेलेले आहे. बाजाराचे माप आणि रानाचे माप ही दोन्ही निरनिराळी आहेत, आणि वहिवाटदाराने दोन्ही ठेवायला हवीत.

दुसरे माप कसे असते, हे बाणकोट खाडीपलीकडच्या गाणी गावाने दाखविले आहे. श्रीवर्धन तालुक्यातील या गावची काळकाईची राई तोडली जाणार, अशी वेळ १९७० च्या दशकाच्या आरंभी आली, तेव्हा गावकऱ्यांनी देवरायांचा अभ्यास करणारे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांना बोलावून घेतले. त्या राईतून निघणारा ओहोळच गावाला बारमाही पाणी पुरवीत होता. हे ध्यानी आल्यावर राई वाचली. तोडीचा हिशेब घनफुटांत होणार होता, आणि गावकऱ्यांनी तो पाण्यात केला. म्हणून त्यांचा हिशेब अधिक पुरा होता.

आपली धोरणेही याच दिशेने, अडखळत का होईना, सरकलेली दिसतात. १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांनी ठेकेदाराच्या जागी मजुराला आणले. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने उत्पन्नाला पर्यावरणाच्या स्थैर्याहून दुय्यम स्थान दिले. २०११ साली गडचिरोलीच्या मेंढा-लेखा ग्रामसभेस बांबूच्या वाहतुकीचे परवाने आपल्या हाती मिळाले. तरीही लिलावाचा कागद अद्याप जुनाच आहे. त्यात नग, घेर, घनमीटर आणि किमान बोली ही असतात, परंतु तोडीसाठी आखलेल्या त्या कूपात किती खोडे उभी राहिली, किती बुंध्यांना धुमारे फुटले, कोणता ओहोळ टिकला, हे खरीददाराला वा गावाला दिसत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे. सरकारने लाकूड विकण्यात पाप नाही. विकलेले मोजून उरलेले न मोजण्यात आहे. नियम बदलायचेच असतील तर लिलावाच्या प्रत्येक जाहिरातीत तोडलेल्या मालाच्या आकड्याशेजारी उभ्या राहिलेल्या झाडांचा आकडा छापावा, आणि तो ज्या गावच्या हद्दीत ते रान आहे तेथील ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा. देवस्थानाचा वहिवाटदार वर्षाचा हिशेब गावासमोर ठेवतो; शासनाकडून त्याहून कमी मागण्याचे आपल्याला काही कारण नाही.